उरकुडेचं मंडळ

आमच्या लायब्ररीत पुस्तक मागाले गेलं की उरकुडे पहिले घरची चौकशी करे. पुस्तक कोणतं पाहिजे, हे मंगचं. घरी माणसं किती? लहान पोट्टे आहेत का? त्याइच्या हाताले वळण आहे का? घर स्लॅबचं की टिनाचं? टिनाचं असन त पावसात गळते का? वाचणार कोण, तुमी की घरातलं दुसरं कोणी? आणि वाचून झालं की ठेवसान कुठं? खिडकीपाशी उभ्या माणसाले समजे नाही, आपण लायब्ररीत आलो की सोयरीक घेऊन आलो.

सोयरीकच होती ती. पुस्तक देणं आणि पोरगी देणं यात उरकुडेच्या लेखी फरक नव्हता. तहसीलात एक बाबू नवा बदलून आला होता. भाड्याची खोली, वरते टिनं. उरकुडेनं विचारलं, गळते का? बाबू खरा माणूस, म्हणाला, एका कोपऱ्यात गळते. उरकुडेनं कार्ड त्याच्या हातात परत दिलं आणि दिवाळीनंतर या म्हणाला. बाबू तापला. मी रीतसर सभासद आहे, म्हणे. उरकुडे शांत. "सभासद हाये, मान्य हाये. पण घर गळते." दुसरा एक लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाले जाणारा. गाडीवर आला, पुस्तक घेतलं आणि सीटखालच्या डिक्कीत कोंबाले लागला. उरकुडे बाहेर आला, पुस्तक काढून घेतलं आणि त्याले बाजारातून थैली आणाले लावली. पेट्रोलच्या वासात कोणी लेक पाठवते का, असं त्यानं त्या माणसाले चारचौघांत विचारलं.

बरं, देऊन मोकळा झाला असंही नाही. आठ दिवस झाले की उरकुडे सायकल घेऊन त्या घरी हजर. लोकं खुर्ची टाकत. तो म्हणे, मले तुमच्याशी काम नाही, पुस्तक आणा. पुस्तक आणलं की मागून-पुढून पाहे, कोपरे पाहे, मधातून उघडून पाहे आणि विचारे, "नांदते ना बरोबर?" बरोबर नांदत असलं की उठून चालला. त्या घरचा चहा नाही, पाणी नाही. आमच्याकडचे जुने लोक लेकीच्या घरचं पाणी पीत नसत, तशी त्याची गोष्ट. मे महिन्यात आमच्याकडं बाहेर हात काढला त चटका बसते. अशा उन्हात तो बाजूच्या घरी जाऊन पाणी मागे. मंग बाजूचेही सभासद झाले. मंग तिसऱ्या घरी. शिक्षक कॉलनीत एका लायनीत सात घरं सभासद होती, तिथं हा गडी सुकल्या तोंडानं पार कोपऱ्यावरच्या हापशीवर जाये. वाचनाचा प्रचार जसजसा वाढला तसतसं उरकुडेचं पाणी तुटत गेलं.

तोंडावर आमी त्याले उरकुडे सर म्हणो. मागं नुसता उरकुडे. आता लिहितानाही माझ्या हातातून नुसताच उरकुडे येऊन राह्यला. खरं म्हणजे या माणसाबद्दल लिहाचा मले हक्क नाही. काहून नाही, ते सांगतोच.

मी किसन गावंडे. लायब्ररीच्या समोर, रस्त्याच्या या बाजूले, माझी आटाचक्की आहे. मी चौथी पास आणि लायब्ररीच्या कार्यकारी मंडळाचा सभासद. आमच्या गावाले शहर म्हणतात, कारण नगर परिषद आहे. आणि शहर म्हटलं की सार्वजनिक वाचनालय पाहिजे, वाचनालय म्हटलं की त्याचं मंडळ पाहिजे आणि मंडळात अकरा माणसं पाहिजेत. दहा भेटली होती. अकराव्यासाठी सचिव पाचपोर सरांनी लायब्ररीच्या खिडकीतून पाहिलं त समोर मी गहू दळून राह्यलो होतो. असा मी मंडळात गेलो. नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षात मी त्या लायब्ररीतून एक पुस्तक घेतलं नाही. सरळ सांगतो, लाजाचं ते लाजाचं.

वाचणारी माझी बायको होती. वत्सला. सातवी शिकलेली. कार्ड माझ्या नावाचं, वाचे ती. दोन वर्षं झाली तिले जाऊन.

आता मंडळाचं काम कसं चाले ते सांगतो. मंडळ बसत नसे. वर्षातून एकदा मोठी सभा होये, चहा-आलुबोंडा होये, तेवढी खरी. बाकी दर महिन्याची सभा उरकुडेच्या सायकलवर होये. तो काखेत इतिवृत्ताचं रजिस्टर घेऊन घरोघरी फिरे. पानाच्या वरच्या भागात एक ते अकरा आकडे टाकलेले, हजर सभासदांच्या सह्यांसाठी. खाली सगळं कोरं. आमी वरते सह्या करो. सगळ्यांच्या सह्या झाल्या की पाचपोर सर विषय सांगत आणि उरकुडे त्या कोऱ्या जागेत सभा लिहून काढे, कारण अक्षर त्याचं मोत्यासारखं.

मी पिठाच्या हातानं सही करो. तो रुमालानं पान हळूच झटके. मंग मी विचारो, "सभा कवा हाये?"

"झाली."

"मी होतो?"

"होते. तुमी अनुमोदन दिलं."

"कायले?"

"अजून ठरलं नाही."

हसू येते ना? आमालेही ये. यात काही खोटं आहे असं आमच्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही. सगळीकडं असंच असते, असं पाचपोर सर म्हणत.

पण उरकुडेसाठी ते मंडळ खरं होतं. त्याच्याएवढं मंडळाले कोणी मानत नव्हतं. पंखा लावा म्हटलं त म्हणे, मंडळापुढं ठेवतो. बाक खिडकीकडं सरकवू का? मंडळापुढं ठेवतो. एकदा वरच्या कपाटावर कबुतरानं घर केलं. उरकुडेनं तेही मंडळापुढं ठेवलं, म्हणजे स्वतःच्याच हातानं रजिस्टरात लिहिलं, आणि ठराव झाला की पिलं उडून जाईपर्यंत ते कपाट उघडू नये. सर्वानुमते मंजूर. त्या ठरावावर माझं भाषण आहे. कबुतरं ही वाचनालयातली सगळ्यात शांत मंडळी आहेत, असं मी म्हणालो म्हणे.

तसा रजिस्टरात मी लय मोठा माणूस आहे. उरकुडे नुसता ठराव लिहीतच नसे. कोण काय बोललं तेही लिही. 'सदस्य श्री. किसनराव गावंडे यांनी तरुणांच्या वाचनाबद्दल कळकळ व्यक्त केली.' 'श्री. गावंडे यांनी मौलिक सूचना केल्या.' चक्की बंद असे त्या दिवशी तो सहीले घरी ये, तवा वत्सला त्याच्या हातातून रजिस्टर घेऊन मागची पानं वाचे. पदर तोंडाले लावून हसे. एक डाव मले म्हणाली, "एवढं चांगलं बोलता तुमी मंडळात. घरी काहून नाही बोलत?"

 मले काय माहीत, तिनं हसत हसत खरंच विचारलं होतं.

तिचं आणि उरकुडेचं बरं जमे. त्याच्या सगळ्या चौकशीत ती एकटीच पैकीच्या पैकी पास झाली होती. घरी लहान लेकरू नाही, आमची एक पोरगी, ती आर्णीले दिलेली. घर स्लॅबचं. पुस्तक ती देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवे. एकदा तिनंच उलटून विचारलं, सर, तुमच्या घरी कोणतं पुस्तक हाये आता? तो म्हणाला, एकही नाही. एकट्या माणसाच्या घरी मी देत नसतो, बाई. घरात दुसरं माणूस नाही, कवा काय झालं त कोण पाहीन? ती हे मले सांगून हसली. मंग जरा वेळानं म्हणाली, हसाचं नव्हतं.

त्याचं मूळ गाव फुलसावंगी. तिथं भावाभावात काही पटलं नाही म्हणून इकडं आला, लायब्ररीत लागला, लग्न राहून गेलं. एवढंच मले माहीत. तेहतीस वर्षं समोर बसलेल्या माणसाबद्दल एवढंच.

मंग वत्सला आजारी पडली. साखर होतीच तिले, ती डोळ्यात गेली, मंग किडनीत. शेवटचे चार महिने ती खाटेवरच होती. उरकुडे आपला आठ दिवसांनी पुस्तक पाहाले आला. पुस्तक उशीखाली, जिथली खूण तिथंच. तो म्हणाला, बाई, हे नांदून नाही राह्यलं. ती म्हणाली, सर, डोळ्याले दिसत नाही आता.  उरकुडेनं स्टूल ओढला, पुस्तक उघडलं आणि खुणेपासून वाचाले सुरुवात केली.

तवापासून रोज. लायब्ररी दुपारी बारा ते दोन बंद राहे. बारावर पाच मिनिटं झाली की सायकलचा स्टँड वाजे. घर आणि चक्की यात एक भिंत. चक्कीचा पट्टा फिरून राह्यला की मले काही ऐकू ये नाही, पट्टा थांबला की त्याचा आवाज ये. बारीक आवाज, पण एकेक शब्द मोजून ठेवल्यासारखा. कधी वत्सला हसे. त्या दुखण्यात.

मी एकदाही आत जाऊन बसलो नाही. गिऱ्हाईक नसलं तरी बसलो नाही. काहून, ते लिहाले लाज वाटते, पण लिहितो. मले राग ये. मलेही वाचता येते, पण एका पानाले मले अर्धा तास लागते आणि जोडाक्षर आलं की मी थांबतो. माझ्या बायकोले जे पाहिजे होतं ते माझ्यापाशी नव्हतं आणि त्या सायकलवाल्यापाशी होतं. तो दोन वाजता बाहेर निघे, मले म्हणे, "येतो, गावंडेभाऊ." मी पट्टा चालू करो.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी तो घरी आला. पाहुणे होते, पोरगी होती. तो दारातच उभा, हात जोडून.  मी आत गेलो, उशीखालचं पुस्तक काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "घ्या, न्या तुमचं पुस्तक." मले वाटलं तो त्यासाठीच आला. त्यानं पुस्तक घेतलं. मागून-पुढून पाह्यलं नाही. तसंच छातीशी धरून गेला, सायकलवर बसलाही नाही, हातात धरून पायी गेला. माझी पोरगी म्हणाली, बाबा, तुमी असे काहून हो? 

म्हणजे चार महिने एक माणूस माझ्या घरी येऊन माझं काम करून गेला आणि मी त्याले एक शब्द बोललो नाही. नंतर बोलीन म्हटलं. रस्त्याच्या पलीकडं त होता. कवाही बोलता आलं असतं.

आता अभ्यासिकेचं सांगतो. आमचे अध्यक्ष नानासाहेब, कापसाच्या जिनिंगचे मालक. त्यांच्या मनात आलं की लायब्ररीच्या हॉलात परीक्षेवाल्या पोरापोरींसाठी अभ्यासिका काढाव आणि तिले त्यांच्या वडिलांचं नाव द्याव. गोष्ट वाईट नव्हती. आमच्या गावची पोरं बसाले जागा नाही म्हणून यवतमाळले जातात. पण हॉलात पुस्तकांची कपाटं आहेत. कपाटं गोदामात हलवाची म्हटलं की उरकुडे म्हणे, मंडळापुढं ठेवतो. असं त्यानं सात-आठ महिने मंडळापुढं ठेवलं. गोदामात उंदरं हायेत, ओल हाये, मी स्वतः पाहून आलो, असं सांगे. शेवटी पाचपोर सरांनी ठरवलं की पहिले उरकुडेले मोकळं कराव, मंग कपाटं आपोआप हलतात.

हे मले माहीत नव्हतं. ही माझी सफाई नाही. माहीत करून घेतलं नव्हतं.

एक दिवस उरकुडे नेहमीसारखा रजिस्टर घेऊन चक्कीवर आला. मी ज्वारी टाकून राह्यलो होतो. सही केली. त्यानं पीठ झटकलं. नेहमी लगेच जाये, त्या दिवशी गेला नाही. रजिस्टर उघडं धरून उभा. मी म्हटलं, काय हाये आज?

"हाये एक विषय."

मी म्हटलं, टाका माझं अनुमोदन.

"अनुमोदन गॅरेजवाल्या रशीदभाईचं टाकतो," तो म्हणाला. "तुमाले सूचक करू का?"

"करा ना बाप्पा, कायले विचारता?" मी म्हटलं आणि पट्ट्याकडं वळलो. ज्वारी सांडून राह्यली होती.

तो "बरं" म्हणाला आणि गेला.

मंग महिन्याभरानं वर्षाची मोठी सभा झाली. अकराही हजर. हॉलात सतरंजी, पुढं टेबल, त्यामागं नानासाहेब आणि पाचपोर सर. सभेत पहिला विषय ठरलेला राहते, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. ते उरकुडेच वाचे. वाचाच्या आधी तो शर्टाची वरची गुंडी लावे. त्या दिवशीही लावली आणि उभा राह्यला. आमी आलुबोंड्याची वाट पाहून राह्यलो होतो. इतिवृत्त कोणी ऐकत नसते.

दोन ठराव पंख्याचे आणि पेपरांचे झाले. मंग तो वाचाले लागला. "ठराव क्रमांक तीन. ग्रंथपाल श्री. दिगांबर उरकुडे यांना वयोमानानुसार पुढील महिनाअखेर सेवामुक्त करण्यात यावे. पुस्तकांची कपाटे गोदामात हलवून सभागृहात अभ्यासिका सुरू करण्यात यावी. सूचक, श्री. किसनराव गावंडे. अनुमोदक, श्री. शेख रशीद."

रशीदभाई माझ्या बाजूले बसले होते. मोटारी दुरुस्त करणारा माणूस, हातावरचं काळं ऑइल निघत नाही. त्याइनं माझ्या मांडीवर हात ठेवला आणि दाबला.

उरकुडे पुढं वाचत होता. ठरावाखाली माझं भाषण होतं. "सूचकांनी ठराव मांडताना सांगितले की, या ग्रंथपालांनी माझ्या पत्नीच्या आजारपणात चार महिने रोज घरी येऊन तिला वाचून दाखविले. ते दोन तास तिचे दुखणे कमी होत असे. बाकीचा दिवस ती त्या दोन तासांची वाट पाहण्यात काढी. मी बोलका माणूस नाही. माझ्या तोंडून हे कधी निघाले नाही, याचा अर्थ मला ते समजले नाही असा त्यांनी घेऊ नये. त्यांचे माझ्या घरावर उपकार आहेत."

तो थांबला. पान उलटाचं नव्हतं, तरी थांबला. मान वर केली नाही, रजिस्टरातच पाहत राह्यला. आता मले समजते, नियमानं इतिवृत्त कायम होण्याच्या आधी कोणीही उठून म्हणू शकते की हे असं झालं नव्हतं. तेवढ्यासाठी ती जागा राहते. तो त्या जागेवर थांबला होता आणि अकरा माणसात एकच माणूस होता ज्यानं उठाचं होतं.

पाचपोर सर म्हणाले, "हं. कायम करायचं का?"

एका टोकाकडून सुरू झालं. मंजूर. मंजूर. मंजूर. माझ्यापाशी आलं आणि नऊ वर्षांची सवय असलेलं माझं तोंड बोललं.

"मंजूर."

उरकुडेनं खाली लिहिलं, इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. एकेक अक्षर टेकवून, सरळ रेषेत.

मंग चहा झाला. नानासाहेब माझ्यापाशी आले, पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "गावंडेभाऊ, मनापासून बोलले तुमी. माणसाले निरोप द्याव त असा." दोघातिघांनी मान हलवली. मी आलुबोंडा खाल्ला. गरम होता. हेही लिहून ठेवतो, मी तो पुरा खाल्ला.

बाहेर निघाल्यावर रशीदभाई माझ्यासंगं चालत आले. त्याइच्या गॅरेजपाशी आल्यावर म्हणाले, "किसनभाऊ, अपने दोनोंने मिलके उस आदमी को निकाल दिया, और चाय पी के आ गये." मी म्हटलं, मले वाचाले नाही दिलं. ते म्हणाले, माँगा था क्या?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानासाहेबांच्या जिनिंगवर गेलो. म्हटलं, ते रजिस्टरातलं खरं नाही, मी असं काही सुचवलं नाही, सभाच झाली नव्हती. नानासाहेब माणूस वाईट नाही. त्याइनं मले बसवलं. म्हणाले, भाऊ, पानावर तुमची सही हाये. काल अकरा लोकांसमोर वाचलं, तुमी मंजूर म्हटलं. आता सभाच झाली नव्हती म्हटलं त नऊ वर्षांच्या सगळ्याच सभा झाल्या नव्हत्या, हो की नाही? मंग मंडळच नाही आणि लायब्ररीही नाही. तसं लिहून देता का? मी उठून आलो. रशीदभाई म्हणतात, अर्ज करू, आपण दोघं सही करू, पहिले वाचून. केला अर्ज. पाचपोर सर म्हणाले, पुढच्या सभेत घेऊ. पुढची सभा कवा, त म्हणे पुढच्या वर्षी. महिनाअखेर त्याच्या किती आधी येते ते सांगाले मी चौथी पास पुरे.

नानासाहेबांकडून आलो त्याच दुपारी बारा वाजता मी उरकुडेच्या खोलीवर गेलो. दालमिलच्या मागं एक खोली. तो माझ्या घरी चार महिने रोज आला, मी त्याच्या घरी पहिल्यांदा. तो खाटेवर बसून ताटात तुरीची डाळ निवडून राह्यला होता. मले पाहून उठला, एकच खुर्ची होती, ती पुढं केली. भिंतीले एक कॅलेंडर, दोरीवर दोन शर्ट. पुस्तक खरंच एकही नव्हतं.

मी बसलो आणि म्हटलं, "मी ते बोललो नव्हतो."

"माहीत हाये मले."

"मंग माझं नाव कायले टाकलं?"

तो खड्यासारखा एक दाणा वेचून बाजूले ठेवत होता. म्हणाला, "या डाव पाचपोर सरांनी ठराव सह्यांच्या आधीच सांगतला. सूचक कोणीही टाक म्हणाले. लिहून पाह्यला त दोन ओळीत संपला. सेवामुक्त करण्यात यावे, बस. तेहतीस वर्षांचं दोन ओळीत. मंग म्हटलं, कोणी ना कोणी चार शब्द बोललं असतंच. कोण बोललं असतं? अकरा नावं पाह्यली. कोणापाशी माझ्याबद्दल बोलाले काही नव्हतं. तुमच्यापाशी होतं."

मले वाटलं तो टोमणा मारून राह्यला. पण त्याच्या तोंडावर टोमणा नव्हता. उलट भेव होतं. त्यानं ताट खाली ठेवलं.

"चुकीचं लिहिलं का मी, गावंडेभाऊ?"

मी म्हटलं, चुकीचं नाही. पण एवढं चांगलं मले बोलता आलं नसतं. तुमी तुमच्या मनानं लिहिलं.

"नाही, नाही." तो घाईघाईनं म्हणाला. "इतिवृत्तात आजपर्यंत मी कोणाले मोठेपणा दिला असन, पण हे मनानं नाही लिहिलं. ते बाईचं हाये."

मले समजलं नाही. मंग त्यानं सांगतलं. जाण्याच्या पंधरा-वीस दिवस आधी वत्सलानं त्याले वाचता वाचता मधातच थांबवलं. म्हणाली, सर, पुस्तक जरा बंद करा. आमच्या घरचे तुमाले काही बोलणार नाहीत. त्याइचा स्वभाव नाही, त्याइले जमत नाही. पण मी भिंतीच्या या बाजूनं ऐकते ना, तुमी आले की ते पट्टा बंद ठेवतात. गिऱ्हाईक परत पाठवतात. तवा त्याइच्याकडून मीच बोलून ठेवते. आणि मंग तिनं ते सगळं म्हटलं. दोन तासांचं, वाट पाहण्याचं, उपकाराचं.

"शब्द बाईचे हायेत," उरकुडे म्हणाला. "मी फक्त सभेच्या भाषेत केले. मले वाटलं, कुठं तरी लिहिलेलं राहाव. माझ्यापाशी दुसरं रजिस्टर नाही."

पट्टा बंद ठेवे मी, हे खरं आहे. वत्सलाले माहीत होतं हे मले माहीत नव्हतं.  बोलाले तोंड उघडलं त जे निघालं ते एवढंच, "पुन्हा एक डाव म्हणून दाखवा. तिनं म्हटलं तसं. सभेचं नोको."

उरकुडेनं हाताले लागलेली डाळीची भुकटी झटकली. खाटेवरून उठला, शर्टाची वरची गुंडी लावली आणि उभा राहून, एकेक शब्द मोजत, वत्सलाच्या बोलीत सगळं म्हणून दाखवलं. जिथं ती थांबली होती तिथं तो थांबला.

मी खुर्चीवर बसूनच ऐकलं. आपणही उभं राहाव, हे मले घरी आल्यावर सुचलं.